कॉम्पचा पहिला पेपर लिहायच्या आधी

ऑगस्टमध्ये अमेरिकेत पाऊल टाकलेल्या मुलांचे फोन मला साधारण सप्टेंबरच्या शेवटी यायला लागतात. कॅल्क्युलस उत्तम, केमिस्ट्री ठीक, आणि इंग्लिश कॉम्पोझिशनच्या, म्हणजे 'कॉम्प' या लेखनाच्या कोर्सच्या, पहिल्याच पेपरवर सी मायनस. (पेपर म्हणजे इथे परीक्षा नव्हे, घरून लिहून द्यायचा लेख.) "ताई, माझं इंग्रजी एवढं वाईट आहे का हो?" असा प्रश्न असतो. आवाजावरून कळतं की घरी अजून सांगितलेलं नाही.

नाही, इंग्रजी वाईट नाही. सांगलीहून मी २००४ साली आले तेव्हा माझंही नव्हतं. गेली अकरा वर्षं मी इलिनॉयमध्ये एका कॉलेजच्या रायटिंग सेंटरमध्ये मुलांचे पेपर त्यांच्या शेजारी बसून वाचते आहे. आपली मुलं अडतात ती व्याकरणावर कमी आणि निबंधाच्या सवयीवर जास्त. शाळेत जो निबंध आपण घोटून घोटून शिकलो, तो इथला पेपर नव्हे.

"मोबाईल: शाप की वरदान" आठवा. पहिल्या परिच्छेदात आजचं धकाधकीचं जीवन, मग फायदे, मग तोटे, आणि शेवटी "सारं काही आपल्या वापरावर अवलंबून आहे". आपल्याकडे या निबंधाला चांगले मार्क मिळतात, कारण दोन्ही बाजू माहीत असणं हीच तिथे परीक्षा असते. इथला प्राध्यापक दोन पानं वाचून समासात लिहितो, "पण तुझं म्हणणं काय?" त्याला थीसिस हवा असतो, म्हणजे तुमचा दावा, आणि तोही साधारण पहिल्या परिच्छेदातच. शेवटी उलगडेल असं ठेवू नका. थीसिसची परीक्षा सोपी आहे: समोरचा शहाणा माणूस "मला पटत नाही" असं म्हणू शकतो का? "मोबाईलचे फायदे आणि तोटे आहेत" यावर कोण भांडेल? "डॉर्ममध्ये रात्री अकरानंतर वायफाय बंद ठेवण्याचा नियम झोपेसाठी केला असला, तरी संध्याकाळी कामाला जाणाऱ्या मुलांवर तो अन्याय करतो, कारण त्यांचा अभ्यास अकरालाच सुरू होतो", यावर भांडता येतं. आणि या एका वाक्यात पुढच्या चार परिच्छेदांची दिशाही आली.

सुरुवात सुभाषिताने, डिक्शनरीतल्या व्याख्येने किंवा "अनादी काळापासून मानव" असं म्हणून करू नका. थेट विषयावर या. आपल्याला हे उद्धट वाटतं, वाचणाऱ्याला वाटत नाही.

आता ज्या चुकीसाठी मी हे सगळं लिहायला बसले, तिच्याकडे येते. दुसऱ्यांचे शब्द.

माझ्या पहिल्या रिसर्च पेपरचा विषय शिकागो नदी होता. आठवड्याने प्राध्यापिकाबाईंनी ऑफिसमध्ये बोलावलं. टेबलावर माझं पान आणि पुस्तकाच्या पानाची झेरॉक्स शेजारी शेजारी ठेवलेली, दोन्हींवर पिवळ्या हायलायटरचे पट्टे. एकाला एक लागून, जिन्याच्या पायऱ्यांसारखे. पुस्तकाचं नाव मी शेवटच्या यादीत दिलं होतं. माझ्या समजुतीप्रमाणे तेवढ्याने ऋण फिटलं होतं. चोरी करण्याचा विचारही मनात नव्हता, उलट मोठ्या लेखकाचे शब्द जपून वापरणं हा मला आदर वाटत होता. त्या पेपरला शून्य मिळालं. बाईंनी प्रकरण वर नेलं नाही, म्हणून मी आज इथे आहे.

काय चुकलं होतं ते दाखवते. समजा मूळ वाक्य असं आहे: "पिण्याचं पाणी सांडपाण्यापासून वाचवण्यासाठी शिकागोच्या अभियंत्यांनी १९०० साली नवा कालवा सुरू करून नदीचा प्रवाह उलटा फिरवला." आणि मी लिहिलं: "पेयजल दूषित होऊ नये म्हणून शिकागोच्या इंजिनिअरांनी १९०० मध्ये नव्या कालव्याच्या मदतीने नदीचा ओघ मागे वळवला." शब्द सगळे बदलले, पण सांगाडा तोच राहिला आणि वाक्याशेजारी लेखकाचं नाव नाही. इथे हे प्लेजरिझममध्ये, म्हणजे वाङ्मयचौर्यात, धरतात. समानार्थी शब्द शोधत बसणं म्हणजे पॅराफ्रेज, म्हणजे दुसऱ्याचं म्हणणं आपल्या शब्दांत मांडणं, नव्हे.

खरी रीत अशी. उतारा दोनदा वाचा, पुस्तक मिटा, आणि हे आपल्याला कशासाठी हवं आहे ते आधी स्वतःला विचारा. मग लिहा. मी तो पेपर पुन्हा लिहिला तेव्हा वाक्य असं आलं: शिकागोने आपलं पिण्याच्या पाण्याचं मिशिगन सरोवर स्वच्छ ठेवलं, पण घाण नाहीशी केली नाही, ती फक्त खालच्या गावांकडे पाठवली, आणि म्हणूनच मिसूरी राज्य इलिनॉयविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९०६ साली हरलं. माहिती पुस्तकाचीच होती आणि शेजारी त्याचा हवालाही होता, पण त्यातून निघालेला मुद्दा माझा होता. शब्द जसेच्या तसे घेतलेत तर अवतरणचिन्हं आणि हवाला. कल्पना घेतली आणि शब्द तुमचे, तरीही हवाला. ही दुसरी गोष्ट आपल्या मुलांना सर्वांत उशिरा कळते. नोट्स काढतानाच पुस्तकाचे शब्द एका रंगात आणि आपले दुसऱ्या रंगात लिहा. तीन आठवड्यांनी कुठलं वाक्य कोणाचं हे भल्याभल्यांना आठवत नाही.

टर्निटिन या पेपर तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या टक्क्याला घाबरू नका. तो फक्त जुळणारा मजकूर दाखवतो आणि त्यात नीट दिलेली अवतरणंही येतात. निर्णय माणूस घेतो. एआयचं म्हणाल तर प्रत्येक कोर्सचा नियम वेगळा असतो. सिलॅबस वाचा, त्यात नसेल तर ईमेल करून विचारा आणि उत्तर जपून ठेवा. पेपर गूगल डॉक्समध्येच पहिल्यापासून लिहा, म्हणजे कोणी शंका घेतलीच तर व्हर्जन हिस्टरीत तुमचा प्रत्येक खर्डा दिसतो.

एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, असणाऱ्यांनी हे आणखी जपायला हवं. कॉलेजने निलंबित केलं तर सेव्हिसमधलं, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीतलं, रेकॉर्ड बंद होतं, आणि मग प्रश्न फक्त ग्रेडचा राहत नाही. पेपर वाईट गेला म्हणून घाईने कोर्सही सोडू नका. अंडरग्रॅजुएटला सत्राला किमान १२ क्रेडिट लागतात. कॉम्प बहुधा ३ क्रेडिटचा असतो, तो सोडला आणि आकडा ९ वर आला तर अडचण. आधी इंटरनॅशनल ऑफिसमध्ये जाऊन बोला, मग फॉर्म भरा.

हवाला कुठल्या पद्धतीने द्यायचा, एमएलए की एपीए, हे असाइनमेंटच्या कागदावर लिहिलेलं असतं. एमएलएत कंसात आडनाव आणि पान, एपीएत आडनाव आणि वर्ष. बाकी सगळं पर्ड्यू विद्यापीठाच्या आउल या साइटवर फुकट आहे, पाठ करायची गरज नाही. एक बारीक गोष्ट मात्र सांगते: भारतातून आणलेल्या लॅपटॉपमध्ये पान ए-४ असतं आणि स्पेलिंग ब्रिटिश. पहिल्याच दिवशी लेटर साइझ आणि अमेरिकन इंग्लिश करून टाका.

भाषेत आपल्या मराठीचे ठसे कुठे उमटतात तेही बघा. आपल्याला आर्टिकल नाहीत, त्यामुळे 'द' एकतर गळतो किंवा नको तिथे येतो. आपला 'च' इंग्रजीत 'ओन्ली' होऊन वाक्याच्या शेवटी जाऊन बसतो. 'डिस्कस'पुढे 'अबाउट' लागत नाही. 'पास्ड आउट' म्हणजे इथे बेशुद्ध पडणं, कॉलेज संपवल्याचं सांगायला 'ग्रॅजुएटेड' म्हणा. आणि मराठीत आपण स्वल्पविरामावर स्वल्पविराम देत वाक्य पळवतो, ते खपून जातं. इंग्रजीत तिथे पूर्णविराम द्या. पेपर मोठ्याने वाचला की यातल्या निम्म्या जागा कानालाच खटकतात.

ऑफिस अवर्सना, म्हणजे प्राध्यापक मुलांना भेटायला ऑफिसमध्ये बसतात त्या वेळेला, जा. आपल्याला वाटतं, सरांना कशाला त्रास, किंवा फक्त ढ मुलं जातात. ती वेळ पगारी कामातच धरलेली असते आणि कोणी आलं नाही तर ते एकटे बसून असतात. जाताना "माझा पेपर बघा" असं म्हणू नका. "माझ्या तिसऱ्या परिच्छेदाचा थीसिसशी संबंध लागत नाहीये असं मला वाटतंय", असं एक बोट ठेवून विचारा. ईमेलमध्ये 'रिस्पेक्टेड सर' नको, 'प्रोफेसर' आणि आडनाव पुरे.

रायटिंग सेंटर बहुतेक कॉलेजांत मोफत असतं. तिथे चुका दुरुस्त करून मिळत नाहीत, प्रश्न विचारले जातात. त्याने पहिल्यांदा आलेली मुलं थोडी हिरमुसतात. दुसऱ्या खेपेला स्वतःच पेन घेऊन बसतात. मिडटर्मच्या सुमाराला जागा पटापट भरतात, तेव्हा असाइनमेंट हातात पडली की त्याच संध्याकाळी वेळ घेऊन ठेवा. खर्डा तयार नसला तरी चालेल, नुसता विषय घेऊन या.