ॲस्पर्जर असलेल्या माणसाचे गुण कसे हेरायचे आणि कामाला कसे लावायचे

ॲस्पर्जर हा ऑटिझमचाच एक प्रकार: बुद्धी आणि बोलणं ठीक असतं, पण लोकांशी वागण्यातले न बोललेले संकेत कळायला जड जातात. अशा माणसाच्या गुणांची प्रामाणिक, एकाग्र, बारकाईने पाहणारा, दांडग्या स्मरणशक्तीचा ही यादी कुठल्याही माहितीपत्रकात सापडते. ती खोटी नाही, पण तिच्यामुळे कोणाला काम मिळत नाही, आणि आपल्या घरातल्या मुलात किंवा मुलीत यातलं नेमकं काय आहे तेही कळत नाही. मुलाखतीत तर हे गुण झाकलेच जातात, कारण तिथे नजरेला नजर देणं, हसून बोलणं आणि स्वतःची तारीफ करणं यांचीच परीक्षा होते. म्हणून गुण विचारून शोधू नका, काम देऊन शोधा.

कागदपत्रांबद्दल आधी सांगून टाकतो. व्हिएन्नाच्या हान्स ॲस्पर्जर यांनी १९४४ साली अशा मुलांचं वर्णन केलं आणि १९८१ मध्ये लोर्ना विंग यांनी ॲस्पर्जर हे नाव रूढ केलं. २०१३ पासून निदानाच्या अमेरिकी नियमावलीत हे वेगळं निदान राहिलेलं नाही, ते ऑटिझम स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे ऑटिझमच्या कमी-अधिक रूपांच्या एकाच गटात धरतात. त्यामुळे डॉक्टरांनी फक्त ‘ऑटिझम’ लिहिलं तर निदान बदललं असं समजू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे. सरकारी नोकरीतल्या राखीव जागेसाठी मात्र प्रमाणपत्रावर किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं.

पंधरा दिवसांची वही

एक वही घ्या आणि चार रकाने आखा: न सांगता काय केलं, किती मिनिटं, कशामुळे थांबलं, आणि कोणती चूक दाखवून दिली. दुपारी एकदा आणि रात्री एकदा भरा. चौथा रकाना सर्वांत कामाचा असतो, आणि घरचे नेमका तोच कोरा ठेवतात, कारण त्यांना ती तक्रार वाटते. ‘सारखा टोकतो’ असं लिहू नका. पाटीवरची चुकलेली वेलांटी, किराण्याच्या बिलात दोनदा लागलेलं तेल, बदललेली बसची वेळ, असं जे टोकलं ते लिहा. व्यक्ती सज्ञान असेल तर वही तिला विचारून ठेवा आणि वाचायलाही द्या. नोंदीतल्या चुका ती स्वतःच दुरुस्त करेल.

आवड वेगळी, हातोटी वेगळी

समजा, मुलगा नागपूर मेट्रोच्या ऑरेंज आणि ॲक्वा या दोन्ही मार्गांवरची सगळी स्टेशनं क्रमाने म्हणून दाखवतो. पाहुण्यांसमोर म्हणायला लावून विषय तिथेच संपतो. पण यामागे निदान चार वेगळ्या गोष्टी असू शकतात: याद्या पाठ राहणं, नकाशा डोळ्यांपुढे उभा राहणं, वेळेची आकडेमोड जमणं, किंवा काल होतं त्यात आज काय बदललं ते लगेच दिसणं.

यातली कोणती ते पाहायचं तर मेट्रो बाजूला ठेवा. ३० अनोळखी वस्तूंची यादी द्या आणि तासाभराने विचारा. कोरा कागद देऊन सीताबर्डीपासून घरापर्यंतचा रस्ता काढायला सांगा. रेल्वेच्या वेळापत्रकावरून दोन गाड्यांमधलं अंतर मिनिटांत काढायला द्या. एकसारखे दिसणारे दोन तक्ते देऊन फरक शोधायला सांगा. जे अनोळखी विषयातही जमतं ती हातोटी, आणि तीच दुसऱ्या कामात नेता येते. काहीच जमलं नाही तर मेट्रोवरचं ते प्रेमच आहे. तेही वाया जात नाही, फक्त त्याची वाट वेगळी: मोतीबागेचं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय, मॉडेलं बनवणं, माहिती लिहून ठेवणं.

मुलींच्या बाबतीत जास्त लक्ष द्यावं लागतं. त्या इतरांचं पाहून वागणं जुळवून घेतात आणि त्यांच्या आवडी चारचौघींसारख्याच दिसतात. फरक असतो तो आवड किती खोल आहे यात.

बिलांची चाचणी

बारकावा दिसत असेल तर ही चाचणी घ्या. ५० जुनी बिलं जमवा आणि त्यात सहा चुका घाला: दोन बेरजेच्या, दोन जीएसटीच्या दराच्या, एक बिल दोनदा, एक तारीख अशक्य. वेळ ४० मिनिटं. सूचना लिहून द्या: काय तपासायचं, कोणत्या क्रमाने, खूण कुठे करायची, कधी थांबायचं. मध्येच ‘वा, छान’ म्हणू नका, त्याने तंद्री मोडते.

सापडलेल्या चुका, उगाच लावलेल्या खुणा आणि लागलेला वेळ टिपा. शेवटची दहा बिलं वेगळी पाहा. बहुतेकांची नजर तिथे थकते. त्याची थकली नाही, तर तुम्हाला हवा तो गुण सापडला. तीन दिवसांनी त्याच वेळेला दुसऱ्या बिलांवर पुन्हा घ्या. कधीकधी तुम्हाला माहीत नसलेली सातवी चूकही निघते, तेव्हा वाद न घालता बिल पुन्हा पाहा.

बिघडतं ते बहुधा सूचनेत. ‘जरा नजर टाक’ याचा अर्थ लागत नाही. पुसट अक्षराच्या बिलावर काम ठप्प होतं, कारण अशा वेळी काय करायचं हे कोणी सांगितलेलंच नसतं. ‘शंका’ लिहिलेला एक ट्रे शेजारी ठेवला की गाडी पुढे जाते. तिसरी अडचण म्हणजे काम संपवतच नाही, पुन्हा पुन्हा तपासतो. तिथे ‘प्रत्येक बिल दोनदा, त्यापुढे नाही’ असा आकडा द्या.

खरं बोलण्याची सोय

नागपूरच्या इतवारी बाजारातल्या दुकानात गिऱ्हाइकासमोर ‘हा माल मागच्या वर्षीचा आहे’ असं कोणी म्हटलं तर मालक वैतागेल. पण माल आवक करताना, साठा मोजताना किंवा दर्जा तपासताना हाच माणूस हवा, कारण तो कोणाचं मन राखायला आकडा बदलत नाही. त्याला खोटं बोलायला शिकवू नका, जमणारही नाही. चूक दिसली की कोणाला, कुठे आणि केव्हा सांगायची एवढं ठरवून द्या: नोंद वहीत, वही मालकाकडे, संध्याकाळी सहाला.

जागा

उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर गेला की कूलर लागणारच. काहींना त्याची एकसुरी घरघर बरी वाटते, काहींना ओल्या वाळ्याचा वास आणि ट्यूबलाइटची भणभण डोकं उठवते. आपण ठरवू नका. दोन जागांवर अर्धा-अर्धा दिवस बसवा आणि विचारा. मारबतीच्या (नागपुरातल्या मोठ्या मिरवणुकीच्या) किंवा गणपती विसर्जनाच्या दिवशी, ढोलताशांच्या गदारोळात, पहिला दिवस ठेवू नका.

मालकाशी बोलताना

बायोडाटाऐवजी एक पान न्या. त्यावर चाचणीचा निकाल, काय नेमकं जमतं आणि कशाची गरज आहे. गरजा साध्या असतात: लेखी सूचना, ‘लवकर ये’ऐवजी ‘१०:१५ ला ये’, दुपारी २० मिनिटं शांतता. मुलाखतीऐवजी पाच अर्ध्या दिवसांचं पगारी काम मागा. फुकट चाचणी नको, इतरांना मिळते तीच मजुरी.

सगळेच गणितात किंवा कॉम्प्युटरमध्ये हुशार नसतात, तसा शब्द मालकाला देऊ नका. उलटही होतं: ‘एवढं डोकं आहे, मग फोन का उचलत नाही?’ हिशेब जमणं आणि अनोळखी माणसाचा फोन घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली जमते म्हणून दुसरीतली मदत काढून घेतली की काम सुटतं.

दोन-तीन महिने काम उत्तम चाललं की मालक खुश होऊन त्याला काउंटरवर बसवायला निघतो. बढती म्हणून केलेलं हे काम बहुतेकदा फसतं. आधी त्याला विचारा. नको म्हणाला तर आहे त्याच कामाचा पगार वाढवता येतो. काही बदलायचंच असेल तर आठवडाभर आधी लिहून सांगा, आणि नवं काम बसेपर्यंत जुनं रोज अर्धा दिवस चालू ठेवा.