इराणी आवाज ऐकायला बसताना

तीस वर्षं मी सांगलीत घरी गाणं शिकवते. इराणी संगीत पहिल्यांदा लावलं तेव्हा हा कुठला राग ते शोधायचं म्हणून पेटी पुढ्यात घेऊनच बसले होते. लावलेलं होतं चाहारगाह, तिकडचं एक दस्तगाह, म्हणजे आपल्या रागासारखी सुरांची चौकट. पहिल्या चार सुरांत भैरव वाटला. कोमल रिषभ दाबून पाहिला, तो गायकाच्या सुराखाली राहिला. शुद्ध दाबला, तो वर गेला. खरा सूर दोन पट्ट्यांच्या मधे होता. तिकडे अशा उतरलेल्या सुराच्या खुणेला कोरोन म्हणतात. म्हणून पहिलं सांगणं: पेटीचा भाता बांधून ठेवा आणि राग ओळखायचा नाद सोडा.

तंबोऱ्याचीही वाट पाहू नका. षड्ज सतत कानाशी नसतो, त्यामुळे सुरुवातीला पायाखालची जमीन सरकल्यासारखं होतं. दोन-तीन बैठकांत ते जातं.

सुरुवात माहूरपासून करा. सात दस्तगाहांपैकी आपल्या बिलावलला हे सगळ्यात जवळचं. ‘मुर्ग-ए-सहर’ हे गाणं माहूरमधलंच. शब्द मलिकुश्शुअरा बहार यांचे, चाल मुर्तझा नेदाऊद यांची. पहाटेच्या पक्ष्याला ‘रड, माझा दाह ताजा कर’ अशी विनवणी आहे. मोहम्मद रझा शजरियान यांच्या मैफिलींत लोक शेवटी हेच मागायचे. याला ठेका आहे, म्हणून धरून चालायला सोपं जातं.

मग ‘बीदाद’कडे या. गाणारे शजरियान, संतूर आणि रचना परवीझ मेश्कातियान यांची, दस्तगाह हुमायून. इथे घाई करू नका, मी स्वतः या एका ध्वनिमुद्रणावर महिनाभर थांबले. आधी हाफिझच्या गझलेचा अर्थ वाचून घ्या: कुणात स्नेह दिसत नाही, मित्रांना झालं तरी काय? आपण मराठीत ‘दाद मागतो’, न्याय मागतो, ती दाद फारसीतूनच आली. बीदाद म्हणजे जिथे ती मिळत नाही तो अन्याय. आणि हुमायूनमधल्या एका गुशेचं नावही बीदादच आहे. चाल, शब्द आणि नाव असं एका जागी आलेलं मी दुसरीकडे क्वचित ऐकलंय.

गुशे म्हणजे दस्तगाहाच्या आतली छोटी सुरावट. दरामदने खालून सुरुवात होते, एकेक गुशे घेत गायक वर जातो आणि फुरूद घेऊन परत घरी उतरतो. या गुशांच्या ठरलेल्या संग्रहाला रदीफ म्हणतात. मिर्झा अब्दुल्ला (1843–1918) यांची रदीफ आजही शिष्य तोंडपाठ करतात. ऐकताना ती पाठ असायची गरज नाही. बोट जमिनीवर ठेवा, आवाज चढला की उचला, उतरला की टेकवा. फुरूद आपोआप कळायला लागेल. मुलींना मी असंच ऐकवते.

‘आवाज’ या भागात ताल नसतो, तबल्याची सम शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. लय कवितेच्या वृत्तातून येते. मिसरा, म्हणजे कवितेची ओळ, संपला की गळा फुटल्यासारखा सूर झटकन वर-खाली होतो, ती तहरीर. आपली तान समजून दाणे मोजू नका. बुलबुलाच्या गाण्याशी तिची तुलना तिकडचे लोक पूर्वीपासून करतात आणि मला ती पटते. मधेच संतूर किंवा तार हे तंतुवाद्य चहारमेझराब, म्हणजे लयीत बांधलेला तुकडा वाजवतं, तेव्हा मात्र हाताने ठेका धरा.

बायकांचे आवाज मुद्दाम ऐका, हे माझं कळकळीचं सांगणं. कमरुल्मुलूक वझिरी 1924 मध्ये तेहरानच्या ग्रँड हॉटेलात बुरख्याशिवाय गायल्या. 1979 च्या इस्लामी क्रांतीनंतर पुरुष श्रोत्यांसमोर बाईने एकटीने गाण्यावर बंदी आली. हाइदेहचं गाणं अली तजविदींच्या हाताखाली घडलं, 1968 मध्ये त्यांच्याच ‘आझादेह’ने ती रेडिओवर पुढे आली. नंतर तिने लोकप्रिय गाणी गायली, पण त्या गाण्यांतही आवाजाची तालीम स्पष्ट ऐकू येते. म्हणून पॉपकडे जायची वाट मी तिच्यावरूनच दाखवते, मग गुगूश. क्रांतीनंतर गुगूश देशातच राहिली आणि एकवीस वर्षं जाहीर गायली नाही. 2000 मध्ये टोरंटोत ती पुन्हा उभी राहिली. आधीची आणि नंतरची दोन्ही ध्वनिमुद्रणं लागोपाठ लावा.

कैहान कल्होर यांचं कमांचे, म्हणजे गजाने वाजवायचं तंतुवाद्य, आणि शुजाअत हुसेन खाँ यांची सतार एकत्र असलेल्या ‘गझल’ या वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण शेवटी ठेवा. सुरुवातीलाच ऐकलंत तर कान सतारीकडे धावेल. बीदाद पचल्यावर लावा, म्हणजे कमांचेवर तो मधला सूर आला की तुम्हीच हात वर कराल.