हँडस्टँड आणि हँडस्टँड पुश-अप: भिंतीपासून मोकळ्या जागेपर्यंत

हँडस्टँड जमत नाही म्हणजे आपल्या हातांत ताकद नाही, असं बहुतेक जण धरून चालतात. पण ज्याला सलग दहा-बारा नीट जोर मारता येतात, त्याच्याकडे हातांवर उभं राहण्यापुरती ताकद सहसा असते. अडतं ते मनगटांपाशी, आखडलेल्या खांद्यांपाशी आणि पडण्याच्या भीतीपाशी. हँडस्टँड पुश-अप, म्हणजे हातांवर उलटं उभं राहून मारलेले जोर, हे मात्र खरोखर ताकदीचं काम आहे. साध्या जोरात शरीराच्या वजनाचा साधारण दोन-तृतीयांश भार हातांवर येतो. उलट्या स्थितीत जवळजवळ सगळा. म्हणून तोलाचा सराव आणि ताकदीचा सराव वेगवेगळा करायचा. दोन्ही एकत्र कालवले की थकलेल्या हातांवर तोल शिकायची वेळ येते, आणि तो शिकला जात नाही.

आधी कोणी थांबावं ते सांगतो. उच्च रक्तदाब, काचबिंदू, डोळ्याच्या पडद्याचा विकार, मानेचं किंवा खांद्याचं जुनं दुखणं, गर्भारपण यांपैकी काही असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय उलटं होऊ नका. उलटं झाल्यावर डोळ्यांतला दाब वाढतो, हे विशेष लक्षात ठेवा. आणि भरल्या पोटी सराव नको.

मनगटं

हाताच्या तळव्यावर उभं राहताना मनगट जवळपास काटकोनात वाकतं आणि त्याच अवस्थेत भार घेतं. रोजच्या आयुष्यात त्याला ही सवय नसते. गुडघे टेकून हात जमिनीवर ठेवा, बोटं पुढे. हळूहळू खांदे बोटांच्या पुढे न्या आणि परत या. मग बोटं बाहेरच्या बाजूला वळवून, मग गुडघ्यांकडे वळवून तेच करा. शेवटी बोटं जमिनीवर ठेवून फक्त तळव्याची टाच उचला आणि टेकवा. पाच मिनिटं पुरतात, पण ती प्रत्येक वेळी द्यायचीच. मनगटात टोचल्यासारखं दुखलं तर त्या दिवशी थांबा. वरचेवर दुखत असेल तर पॅरलेट म्हणजे छोटे जमिनीवरचे बार वापरा. त्यांवर मनगट सरळ राहतं.

छाती भिंतीकडे

सुरुवातीला जवळपास सगळे भिंतीकडे तोंड करून पाय वर भिरकावतात आणि टाचा भिंतीला टेकवतात. यात पाठीची कमान होते, बरगड्या बाहेर येतात आणि शरीराला तीच सवय लागते. माझा आग्रह उलट पद्धतीचा आहे. भिंतीकडे पाय करून पालथे व्हा, हात जमिनीवर, पाय भिंतीवर चढवत न्या आणि हात मागे मागे घेत भिंतीजवळ या. पहिल्या दिवशी अर्ध्यावर थांबलात तरी चालेल. पुढे हात भिंतीपासून वीतभर अंतरावर येतील, पायांची बोटं भिंतीला लागतील आणि पोट भिंतीसमोर असेल.

इथे खरं काम खांद्यांचं आहे. जमीन हातांनी खाली ढकलायची, इतकी की खांदे कानांना लागावेत. कोपर ताठ, नितंब आवळलेले, बरगड्या आत, पायांची बोटं वर ताणलेली. नजर दोन्ही हातांच्या मधे. मान मागे न टाकता फक्त डोळ्यांनी पाहायचं. श्वास कोंडू नका. हा दोष नवख्यांत इतका सर्रास दिसतो की श्वास मोजत थांबणंच बरं. वीस सेकंदांपासून सुरू करून एक मिनिटापर्यंत जा, आणि उतरायची ताकद शिल्लक असतानाच उतरा.

पडायला शिका

ही पायरी गाळणारे महिनोन्महिने भिंत सोडत नाहीत. तोल पाठीच्या बाजूला गेला की एक हात उचलून थोडा पुढे टेकवायचा, कंबर त्या दिशेने वळवायची आणि पाय एकामागून एक बाजूला उतरवायचे. अर्धं कार्टव्हील, म्हणजे हातांवरून चाकासारखी बाजूला मारलेली कोलांटी, म्हणा. आधी पाय कमी उंचीवर नेऊन हे करा, दोन्ही बाजूंनी. आजूबाजूला मोकळी जागा आणि खाली न घसरणारी मॅट हवी. शरीराला सुटकेची वाट ठाऊक झाली की पाय वर नेताना ते आपणहून आखडत नाही.

भिंत सोडणं

छाती भिंतीकडे असताना एक पाय भिंतीपासून सोडवा, मग दुसरा. ढकलून दूर जायचं नाही. बोटांच्या टोकांनी जमीन दाबत वजन हळूच पुढे आणायचं. हँडस्टँडचा तोल बोटांत आहे. शरीर पाठीच्या बाजूला झुकू लागलं की बोटं जमिनीत रोवा, ते परत येतं. उलट बाजूला, म्हणजे पाय जमिनीकडे परतू लागले, तर बोटं फारशी कामाची नाहीत. तिथे कोपर किंचित वाकवून खांदे पुढे न्यावे लागतात आणि ते कठीण जातं. म्हणून वजन कायम बोटांच्या बाजूला जरा जास्त ठेवा.

मोकळ्या जागेत वर जाताना उडी मारू नका. एक पाय पुढे घ्या, हात टेकवा, खांदे हातांच्या बरोबर वर आणा, मागचा सरळ पाय वर झोका आणि दुसऱ्याने हलका रेटा द्या. दहा-पंधरा मिनिटं, आठवड्यातले बरेच दिवस, अंग ताजं असताना. महिने लागतात, आणि मधे काही आठवडे काहीच पुढे सरकत नाही असं वाटतं. त्या आठवड्यांत सराव सोडू नका, एवढं कळकळीने सांगतो.

उलटे जोर

ताकदीचा सराव आठवड्यातून दोन-तीन दिवस, सेटच्या मधे दोन-तीन मिनिटं विश्रांती. सुरुवात पाइक पुश-अपने: नितंब उंच, पाय शक्य तितके सरळ, आणि डोकं खाली नेताना हातांच्या मधे नव्हे तर हातांच्या पुढे. दोन हात आणि डोकं मिळून त्रिकोण व्हायला हवा. कोपरं बाहेर फाकू देऊ नका. ती मागच्या तिरक्या दिशेला ठेवा. असे आठ-आठचे तीन सेट निघाले की पाय भक्कम खुर्चीवर ठेवा.

तेही जमलं की भिंतीपाशी फक्त उतरायचं: पाच सेकंद मोजत खाली, मग पाय उतरवून पुन्हा वर. डोक्याखाली घडी घातलेल्या मॅट ठेवून अंतर कमी करा आणि ताकद वाढेल तशी एकेक काढा. डोकं जमिनीला अलगद टेकलं पाहिजे. ते आपटत असेल तर ती पायरी अजून तुमची नाही, कारण तो धक्का मानेला बसतो. पाठ भिंतीकडे ठेवून जोर मारत असाल तर हात भिंतीपासून वीस-तीस सेंटिमीटर दूर ठेवा, नाहीतर डोक्याला पुढे जायला जागाच राहत नाही. पायांचा झटका देऊन वर येणं सध्या टाळा. सावकाश वर येता आलं की मगच त्याचा विचार करा.

भिंतीपाशी सलग आठ-दहा सरळ जोर आणि मोकळ्या जागेत तीस सेकंदांचा स्थिर तोल, एवढं हाती आल्यावर दोन्ही सराव एकत्र आणा. त्यातही आधी खाली-वर पूर्ण जाऊ नका. कोपर चार बोटं वाकवा, तिथे क्षणभर थांबा, परत वर या. खाली जाताना खांदे पुढे आणि पाय किंचित मागे जातात. हा बदल अंगवळणी पडला की खोली दर आठवड्याला थोडी वाढवत न्या.