निटवेअर शिकायला जाताय? आधी सुया हातात घ्या

आपल्या भाषेत पैठणीही विणतात आणि स्वेटरही विणतात. शब्द एकच, म्हणून घरच्यांना आणि पुष्कळदा प्रवेश घेणाऱ्यालाही ही दोन्ही कामं एकाच जातीची वाटतात. तशी ती नाहीत. मागावर ताणा ताठ धरलेला असतो आणि बाणा त्यातून आडवा जातो. निटवेअरमध्ये धाग्याचा एक फास दुसऱ्या फासातून ओढला जातो, बस. म्हणून होजिअरीचं कापड ताणतं, कडेला गुंडाळतं, आणि एक टाका निसटला की खालपर्यंत उसवत जातं. इथे कपडा आखण्याआधी कापडच तुम्हाला घडवावं लागतं. माझी तयारीची सगळी यादी या एका गोष्टीतून निघाली आहे.

डोळ्यांपुढे निफ्टचा, म्हणजे राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेचा, निटवेअर डिझाइनचा चार वर्षांचा बी.डेस. हा पदवी अभ्यासक्रम ठेवून लिहिते आहे. खारघरच्या कॅम्पसमध्ये तो आहे. बारावीची कुठलीही शाखा चालते. प्रवेशपरीक्षेत क्रिएटिव्ह अ‍ॅबिलिटीला ५०, जनरल अ‍ॅबिलिटीला ३० आणि सिच्युएशन टेस्टला २० टक्के अशी विभागणी राहिलेली आहे. तरी त्या वर्षाची माहितीपुस्तिका स्वतः वाचा. सिच्युएशन टेस्टमध्ये दिलेल्या सामानातून वस्तू उभी करायची असते, तेव्हा घरी पुठ्ठा, तार आणि सुतळी घेऊन घड्याळ लावून सराव करा. परीक्षेबद्दल एवढं पुरे, कारण त्यासाठी क्लास भरपूर आहेत. पुढचं मात्र क्लासमध्ये क्वचितच कोणी सांगतं.

दोन सुया आणा, ८ नंबरच्या. आपल्याकडे सुयांचे नंबर उलटे चालतात: ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर त्याहून बारीक. मग धागा. दुकानात सगळ्यालाच लोकर म्हणतात, पण त्यातली बरीचशी अ‍ॅक्रिलिक असते. एक गुंडा खऱ्या लोकरीचा, एक सुती आणि एक अ‍ॅक्रिलिकचा घ्या. प्रत्येकाचा बोटभर तुकडा चिमट्यात धरून, मोठं माणूस जवळ असताना, जाळून बघा. लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. सूत कागदासारखं जळतं. अ‍ॅक्रिलिक वितळून त्याचा टणक मणी होतो. धाग्याशी ओळख सुरू करायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

आता तिन्ही धाग्यांचे १५ सेंटिमीटरचे चौकोन विणा. सुलट-उलट जमलं की साबुदाणा वीण, मग वेणी. घरात आत्या, आजी किंवा शेजारच्या काकू विणत असतील तर त्यांच्याशेजारी बसा. टाका किती सैल धरायचा हे बघूनच कळतं. प्रत्येक तुकड्याच्या मधोमध पट्टी ठेवून १० सेंटिमीटरमध्ये किती टाके आणि किती ओळी बसल्या ते मोजा, मग तुकडा धुवा, वाळवा आणि पुन्हा मोजा. हे धुणं कृपा करून टाळू नका. मी पहिला स्वेटर तुकडा न धुता विणला आणि पहिल्या धुण्यात तो इतका सैलावला की माझा राहिलाच नाही. हिशोब साधा आहे: १० सेंटिमीटरला २२ टाके असतील तर ९० सेंटिमीटर घेराला १९८ टाके लागतात. तेच १९८ टाके जर १० सेंटिमीटरला २० च्या मापाने पडले, तर घेर ९९ होतो. दोन टाक्यांची चूक, नऊ सेंटिमीटरचा फरक.

आलेखाचा कागदही लागेल, पण जपून. टाका चौकोनी नसतो, उंचीपेक्षा रुंद असतो. पैठणीवरचा मोर साध्या चौकटींवर काढून विणलात तर तो बसका येतो. चौकटी टाक्याच्या प्रमाणात आखून घ्या.

जुना टी-शर्टही कामाला येईल. त्यातून १० बाय १० सेंटिमीटरचा तुकडा काटेकोर कापा, सोनाराच्या काट्यासारख्या छोट्या वजनकाट्यावर ठेवा आणि आलेल्या ग्रॅमना १०० ने गुणा. ते झालं जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन, ज्या भाषेत तिरुपूर आणि लुधियानाचे होजिअरी कारखानदार बोलतात. १.८ ग्रॅम म्हणजे १८० जीएसएम. भिंगातून बघितलंत तर सुलट बाजूला इंग्रजी व्हीचे उभे खांब दिसतील, उलट बाजूला आडव्या लाटा.

पिशवीत मापाची टेप, छोटी कात्री, निसटलेला टाका उचलायला क्रोशाची सुई, बोथट दाभण आणि जाड पानांची वही. प्रत्येक तुकडा वहीत टाचून शेजारी धागा, सुईचा नंबर, टाके, ओळी, धुण्याआधीचं आणि नंतरचं माप लिहा. अभ्यासक्रमात विणण्याच्या यंत्रावर उभं राहून कॅरेज, म्हणजे सुयांवरून सरकणारा भाग, ढकलायची असते, तेव्हा केस बांधून ठेवा आणि ओढणी नको. महागडा लॅपटॉप मात्र वरच्या वर्गातल्यांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

शेवटचं काम मला सगळ्यांत प्रिय आहे. घरातला कुणी घालत नसलेला स्वेटर मागून घ्या आणि शिवण उघडून उसवा. कडा कापून शिवलेल्या असतील तर धागा तुकड्यातुकड्यांत निघेल. मुंड्यापाशी टाके घटवून आकारातच विणलेला असेल, तर एकच धागा सलग येत राहील. जपानच्या शिमा सेकी या यंत्रं बनवणाऱ्या कंपनीने १९९५ साली अख्खा कपडाच शिवणीशिवाय विणणारं यंत्र आणलं. ते का थोर आहे हे त्या वेळी बोटांना कळतं. निघालेला धागा कुरळा असतो. खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून त्याची लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात भिजवून टांगून वाळवा, म्हणजे तो सरळ होतो. पावसाळ्यात लडी लवकर वाळत नाही, तेव्हा हे मे महिन्यातच उरका.