आधी हात मोजा, मग पैसे

लग्न घरच्या हातांनी करायचं ठरलं की पहिल्याच दिवशी खर्चाचा कागद होतो. मंडपाचे इतके, आचाऱ्याचे इतके, बॅन्डचे इतके. आम्हीही तसाच केला होता आणि तो बघून माझा भाऊ रात्रभर झोपला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी दुकानातून दोनशे पानी वही आणली आणि पहिल्या चार पानांवर फक्त माणसांची नावं लिहिली. कोण काय करू शकतं आणि किती दिवस देऊ शकतं, एवढंच. शिवणारी तीन, चुलीवर मोठं पातेलं सांभाळणाऱ्या पाच, मांडवावर चढणारे चार, हार ओवणाऱ्या अकरा. भाचीचं लग्न अमळनेर तालुक्यात आमच्या गावीच, खळ्यात लागलं. ३०० माणसं जेवून उठली आणि सोनं सोडून सगळं दीड लाखाच्या आत बसलं. तीच वही समोर ठेवून ही तयारी सांगतेय.

हातांच्या यादीनंतरचं काम म्हणजे याह्यांशी (व्याह्यांशी) बोलणं. ते पत्रिका छापायच्या आधी, बस्ता बांधायच्या आधी, घरी जाऊन आणि समोर बसून करायचं. फोनवर नाही. भाऊ सरळ म्हणाला, "नाना, तुमच्याकडून दीडशे माणूस, आमच्याकडून दीडशे. मानपानाचे टॉवेल-टोप्या, ब्लाऊजपीस दोन्हीकडून बंद. जेवण मात्र पोटभर आणि घरचं." नाना थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आमच्याकडचे कपाटभर टॉवेल तसेच पडलेत दादा. बंदच करू." सगळेच इतक्या लवकर मान्य करत नाहीत, हे मला माहीत आहे. पण हा आकडा आणि हा शब्द पक्का झाल्याशिवाय पुढची एकही ओळ लिहिता येत नाही. ३०० चे ४५० झाले की घरच्या हातांचं लग्न तिथेच मोडतं, आणि ऐनवेळी आचारी शोधत फिरावं लागतं.

तारीख. आपल्याकडे आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास लग्नांची गर्दी असते, कारण पोरींना माहेरी यायचं असतं आणि शाळांना सुट्टी असते. पण तेव्हा जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. चुलीपुढे बसणाऱ्या बायांचा विचार केला तर मी आखाजीचं लग्न घरच्या स्वयंपाकावर धरणार नाही. आम्ही माघातली तिथी धरली. कापूस विकून हाती चार पैसे आलेले असतात, हवा थंड असते, वांगी स्वस्त असतात, आणि वरचेवर केळीचा एखादा बाग कापणीला येऊन मोकळा होत असतो. तोटा एकच. नोकरीवाले नातेवाईक आणि शाळेत जाणारी पोरं एकाच दिवसाची येतात, त्यामुळे त्यांचे हात यादीतून वजा करावे लागतात. मुहूर्त सकाळी ११ च्या सुमारास घ्या. गोरज मुहूर्त घेतला की दिव्यांचं भाडं, जनरेटर आणि रात्रीचं जेवण असे तीन खर्च मागे लागतात.

आता जे लोक विसरतात ते. माघात लग्न असेल तर तयारी आदल्या उन्हाळ्यात सुरू होते. पापड, कुरडया, बिबडे (ज्वारीचे पापड) हे चैत्र-वैशाखाच्या उन्हातच होतात. कुरडईचा गहू तीन दिवस भिजतो, रोज पाणी बदलावं लागतं, मग तो वाटून चीक काढायचा, शिजवायचा आणि सोऱ्याने घालायचा. ज्वारीच्या बिबड्यांना तर पहाटेपासून चार बाया लागतात. रुखवतात मांडायचे आणि पंगतीत वाढायचे मिळून आम्ही त्या मे महिन्यात पाच दिवस गच्चीवर काढले, तेव्हा मुलगा पसंतसुद्धा झाला नव्हता! घरात लग्नाची मुलगी असेल तर या उन्हाळ्याचं वाळवण दुप्पट करून ठेवा, लग्न लांबलं तरी ते खाल्लं जातंच.

त्यानंतर फुलं. झेंडूचं रोप लावल्यापासून साधारण दोन महिन्यांनी भरात फुलतं. फेब्रुवारीच्या मध्यावर लग्न, म्हणून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात भावाने हरभऱ्याच्या बांधावर रोपं लावली. पिवळी आणि केशरी, दोन ओळी. बाजारात लग्नसराईत फुलांचा भाव काय होतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. आमचे सगळे तोरण-हार त्या दोन ओळींतून निघाले. फुलं आदल्या दिवशी ऊन उतरल्यावर तोडायची, ओल्या गोणपाटावर पसरायची आणि रात्री ओवायला बसायचं. नवरा-नवरीचे हार सगळ्यात शेवटी, पहाटे. उरलेल्या फुलांच्या पाकळ्या आम्ही अक्षतांना वापरल्या. तांदूळ फक्त मूठभर, कुंकू लावून, वडीलधाऱ्यांच्या हातात. पायाखाली पाच किलो तांदूळ तुडवलेला मला बघवत नाही.

कपड्यांवर फार लिहीत नाही. शालू एक चांगला घ्या, हळदीची साडी आईची किंवा मावशीची चालते. ब्लाऊज शिवायला तीन आठवडे आधी टाका, कारण लग्नसराईत टेलर तारीख पाळू शकत नाही आणि त्यात त्याचा दोषही नसतो. अंतरपाट मात्र घरी करा. दोन मीटर पांढरं सुती कापड, मधे लाल दोऱ्याने स्वस्तिक. आम्ही त्याच्या चारी काठांना घरातल्या प्रत्येक बाईकडून एक-एक ओळ टाके घालून घेतले. माझी ८० वर्षांची काकू सुईत दोरा ओवू शकत नव्हती, तिला आम्ही ओवून दिला, आणि तिने अख्खा एक कोपरा भरला. मुंडावळ्यांचे मोती आणून ते ओवायला चुलतबहिणीच्या दोन पोरींना एक दुपार पुरली.

पत्रिका १०० छापा. पहिली कुलदैवताला, मग मामाला, मग ज्यांच्या घरी स्वतः जाणार त्यांना. बाकीच्यांना मोबाईलवर चित्र पाठवा, पण चित्र पाठवल्यावर फोन करून बोलायचंच. ज्यांच्या नावापुढे वहीत काम लिहिलंय त्यांच्या घरी हळदकुंकू घेऊन जा, मग ते सख्खे असोत की गल्लीतले.

जागेचं काम महिनाभर आधी. खळं सपाट करून, पाणी मारून, धुम्मसने ठोकून घ्या. १५ दिवस आधी एकदा शेणाने सारवायचं आणि तीन दिवस आधी पुन्हा. मांडवाला बांबू गावातच मिळाले. वर सावलीसाठी जुन्या साड्या जोडून शिवल्या, एकूण ४२. प्रत्येक साडीच्या कोपऱ्यात मालकिणीचं नाव दोऱ्याने घातलं, नाहीतर परत देताना भांडणं होतात. केळीचे खांब घड उतरलेल्या बागेतून घ्या. घड निघाला की ते झाड तसंही तोडावंच लागतं, म्हणून शेतकरी आनंदाने देतो. एक गोष्ट घरच्या हातांनी करायची नाही, ती म्हणजे वीज. तार ओढायला, मेन स्विच बसवायला माहितगार वायरमनच बोलवा आणि त्याला पूर्ण पैसे द्या. ओल्या सारवणावर उघडी जोड असली तर काय होतं हे मी एका लग्नात पाहिलंय. पोरगं वाचलं, पण ती किंकाळी अजून आठवते.

स्वयंपाकाला वहीची सगळ्यात जास्त पानं गेली. जेवण एकच धरा: वरण-बट्टी, घोटलेली वांग्याची भाजी, भात, बुंदी, वर कांदा-लिंबू आणि कुरडई-पापड. खान्देशात या पानाला कोणी नाव ठेवत नाही. चार भाज्या आणि दोन गोड केले की हात पुरत नाहीत. ३०० पानांना आमचा हिशोब असा झाला: बट्टीला ४० किलो गहू आणि ५ किलो मका, जाडसर दळून, तूरडाळ १८ किलो, वांगी ३५ किलो, तेलाचा १५ किलोचा एक डबा तळणाला आणि अर्धा फोडणी-मोहनाला. गहू घरचा, डाळ घरची, वांगी मळ्यातली, त्यामुळे रोख पैसे तेल, साखर, बेसन आणि तांदळालाच गेले. मोठी पातेली समाजाच्या मंडळाकडून नाममात्र भाड्याने मिळतात. घेताना आणि देताना दोन्ही वेळा मोजा, झाकणांसकट.

मांड्यांचा, म्हणजे खापरावरच्या मोठ्या पुरणपोळ्यांचा, मोह सगळ्यांना होतो. ३०० माणसांना खापरावरचे मांडे घरच्या बायांनी करणं होत नाही, मी स्पष्ट सांगते. आम्ही आदल्या दिवशी तीन जणींना बसवून नैवेद्याचे आणि वरमाईच्या पंगतीचे तेवढे केले. हळदीच्या रात्री भरीत आणि कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी ठेवली. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेली ती आपली हिरवी, कमी बियांची भरताची वांगी हिवाळ्यातच खरी चवीला असतात. कपाशीच्या काड्यांवर भाजायची, लाकडी बडगीत ठेचायची, हे काम पुरुषांनी घेतलं आणि हौसेने केलं. जळणाचं एक लक्षात ठेवा. कपाशीच्या काड्या भडकन पेटतात आणि लगेच विझतात. भरताला त्या उत्तम, पण १८ किलो डाळ त्यांच्यावर शिजत नाही. त्यासाठी बाभळीचं वाळलेलं लाकूड दोन महिने आधी फोडून छपराखाली रचून ठेवा.

पानं केळीची. एका मोठ्या पानाचे दोन-तीन तुकडे निघतात. माघाच्या वाऱ्याने पानं फाटलेली असतात आणि करप्याचे डाग पडलेले असतात, म्हणून बाग दोन दिवस आधी फिरून बघा, खुणा करून ठेवा. लग्नाच्या सकाळी कापा, धुवा, ओल्या पोत्याखाली झाका. ३०० लागणार असतील तर ३६० काढा. पाण्याला माठ, त्याला ओलं फडकं, आणि वाढायला दोन मोठी पोरं नेमलेली.

आता वेळेचं गणित, आणि हे मी सगळ्यांत जीव लावून सांगतेय. माझ्या लग्नात अक्षता पडल्या तेव्हा माझी आई मांडवात नव्हती. ती मागे बट्ट्या तळत होती. मंगलाष्टकं तिला ऐकू आली, मी तिला दिसले नाही. तीस वर्षं झाली, आई गेली, ते माझ्या मनातून जात नाही. म्हणून भाचीच्या लग्नात आम्ही असं केलं. पहाटे ५ ला बट्ट्यांची कणीक मळून वळकट्या उकडायला लावल्या, ९ पर्यंत सगळ्या उकडून, कापून कापडावर पसरल्या. वरण आणि भाजी १०:३० ला उतरवली. मग सगळ्या चुली ओढून विझवल्या, बायांनी तोंडं धुतली, साड्या बदलल्या आणि पुढे येऊन बसल्या. मागे राखणीला फक्त दोन पुरुष. अक्षता पडल्यावर चुली पुन्हा पेटल्या. सप्तपदी, कन्यादान, फोटो यांत पाऊण तास जातोच, तेवढ्यात पहिल्या पंगतीच्या बट्ट्या तळून झाल्या. पाहुण्यांना गरम मिळाल्या, आणि पहाटेपासून राबलेली एकही बाई लग्न बघायची राहिली नाही.

गाण्यांचंही काम आहे. हळदीची, तेलाची, मांडवाची अहिराणी गाणी येणाऱ्या आता गावात चार-पाचच उरल्यात. दोन महिने आधी त्यांच्याजवळ बसून ती वहीत उतरवा आणि तरुण पोरींना शिकवा. आमच्याकडे सात पोरी शिकल्या. लाऊडस्पीकर रात्री १० ते सकाळी ६ कायद्याने बंदच ठेवायचा असतो, तेव्हा हळदीच्या रात्री १० नंतर अंगणात नुसते बायांचे आवाज होते. बॅन्ड फक्त वरातीला, दोन तास. फोटोग्राफरही तीनच तास, पण कोणाकोणासोबत फोटो हवेत ती नावं लिहून त्याच्या हातात द्या. त्या यादीत चुलीवरच्या बायांचा एक एकत्र फोटो घाला.

कागदपत्रं एका पिशवीत, एका माणसाकडे. मुलाला २१ आणि मुलीला १८ पूर्ण झाल्याचा पुरावा, दोघांचे फोटो, पत्रिकेची एक कोरी प्रत, तीन साक्षीदारांचे ओळखपत्र. नोंदणी ९० दिवसांत करून घ्या. गावात ते काम ग्रामपंचायतीत होतं. पुढे रेशनकार्डावर नाव चढवताना तो दाखला कामी येतो.

दुसऱ्या दिवसाची माणसंही आधीच नेमा, कारण तेव्हा सगळे थकलेले असतात. पातेली मोजून परत. साड्या उतरवून, धुऊन, नाव बघून ज्याच्या त्याच्या घरी, प्रत्येकीसोबत बुंदीची पुडी. केळीचे खांब चिरून गुरांपुढे, उष्टी पानं उकिरड्यात. अंतरपाट धुऊन नवरीच्या पेटीत.

आणि वहीची शेवटची पानं भरायची. ज्याने जितके दिवस दिले तितके त्याच्या नावापुढे लिहायचे, कारण ही सावड आहे, ती फेडावी लागते. भावाच्या घरावर ६१ दिवस निघाले. त्यातले १९ फिटले. माझ्या नावावरचे चार अजून उभे आहेत. त्यातले दोन येत्या फाल्गुनात, समोरच्या जिजींच्या नातीच्या लग्नात. कणीक मळायला पहाटे ५ ला यायचं, असं त्यांनी आत्ताच सांगून ठेवलंय.