यूएपीएचा खटला कागदांवरून कसा वाचावा

दहशतवादविरोधी कायद्याखालील खटला वर्तमानपत्रात ठळकपणे दोनदाच येतो, अटकेच्या दिवशी आणि निकालाच्या दिवशी. परंतु भारतातील बेकायदेशीर कृत्ये (प्रतिबंध) अधिनियम, 1967, म्हणजेच यूएपीए, आपले बरेचसे काम या दोन दिवसांच्या मधल्या वर्षांत करून टाकतो. माणसाला कोठडीत ठेवणे, त्याची मालमत्ता गोठवणे, संघटनेची कार्यालये बंद करणे यांपैकी कशालाही दोषसिद्धीची वाट पाहावी लागत नाही. त्यामुळे बातमीदाराने, नव्या वकिलाने किंवा आरोपीच्या नातेवाइकाने असा खटला समजून घेताना आरोप किती भयंकर आहे याआधी कोणता कागद कोणत्या तारखेचा आहे आणि त्यावर कोणाची सही आहे हे पाहावे.

आधी कायदा, मग कलम

एफआयआर हाती आल्यावर प्रथम कोणते कायदे लावले आहेत ते पाहावे, कारण एकाच घटनेला अनेक कायदे लागू शकतात. 26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबई हल्ल्यात अजमल कसाबला विशेष न्यायालयाने 3 मे 2010 रोजी दोषी ठरवले, ते खून आणि देशाविरुद्ध युद्ध पुकारणे या भारतीय दंड संहितेतील गुन्ह्यांसाठी आणि यूएपीएखालीही. महाराष्ट्रात 1999 चा मकोका, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधी कायदाही आहे. त्यात पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून वापरता येतो. यूएपीएमध्ये अशी तरतूद नाही, आणि हा फरक निकालापर्यंत पुरतो. जुने कायदेही विसरू नयेत. टाडा या आधीच्या दहशतवादविरोधी कायद्याची मुदत 1995 मध्ये संपली, तरी 1993 च्या बॉम्बस्फोटांचा खटला टाडाखालीच चालत राहिला आणि अबू सालेमला त्यात 2017 मध्ये जन्मठेप झाली.

1 जुलै 2024 पासून एक नवा प्रश्न आला आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 113 मध्येही दहशतवादी कृत्याची व्याख्या आहे, आणि गुन्हा त्या कलमाखाली नोंदवायचा की यूएपीएखाली, हे पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाचा अधिकारी ठरवतो. निवड कागदोपत्री छोटी दिसते. मात्र जामिनावरचा जो कठोर अडसर यूएपीएमध्ये आहे तो न्याय संहितेत नाही, म्हणजे आरोपी आत किती काळ राहील याचा मोठा भाग या एका निर्णयात ठरून जातो. हा अधिकार पोलीस अधिकाऱ्याच्या हाती का असावा, याचे समाधानकारक उत्तर त्या कायद्यात सापडत नाही.

त्यानंतर यूएपीएची कलमे वेगळी काढावीत आणि ती कायद्याच्या कोणत्या प्रकरणात (भागात) मोडतात ते पाहावे. कलम 10 आणि 13 ही बेकायदेशीर संघटना व बेकायदेशीर कृत्यांविषयी आहेत. कलम 13 खाली जास्तीत जास्त सात वर्षांची शिक्षा आहे. कलम 15 मध्ये दहशतवादी कृत्याची व्याख्या, 16 मध्ये त्याची शिक्षा, 17 मध्ये निधी उभारणे, 18 मध्ये कट आणि 20 मध्ये दहशतवादी टोळीचे किंवा संघटनेचे सदस्यत्व येते. कलम 38 आणि 39 सदस्यत्व व पाठिंब्यासाठी असून त्यांत दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. जामिनाचा कठोर निकष केवळ चौथ्या (वरील कलमे 15 ते 20) आणि सहाव्या (कलमे 38 व 39) प्रकरणातील गुन्ह्यांना लागतो. एखाद्यावर फक्त कलम 13 असेल तर त्याचा जामीन नेहमीच्या कसोटीवरच पाहिला जातो. ‘यूएपीए लागला, आता जामीन नाही’ हे सरसकट वाक्य म्हणूनच चुकीचे आहे.

बंदीची अधिसूचना

सदस्यत्वाचा आरोप असेल तर संबंधित संघटनेची राजपत्रातील नोंद शोधावी. बंदीचे मार्ग दोन आहेत. कलम 3 खाली ‘बेकायदेशीर’ ठरवलेल्या संघटनेचे प्रकरण केंद्र सरकारला तीस दिवसांत उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाच्या न्यायाधिकरणाकडे पाठवावे लागते आणि न्यायाधिकरणाला सहा महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. बंदी पाच वर्षांची असते. पॉप्युलर फ्रंट ऑफ इंडियावर 28 सप्टेंबर 2022 रोजी बंदी आली आणि मार्च 2023 मध्ये न्यायाधिकरणाने ती कायम केली. दुसरा मार्ग पहिल्या अनुसूचीचा, म्हणजे कायद्याला जोडलेल्या यादीचा. त्यात नाव घातलेली ‘दहशतवादी संघटना’ न्यायाधिकरणासमोर जात नाही. नाव काढण्याचा अर्ज सरकारकडेच करायचा आणि तो फेटाळला गेला तर पुनर्विलोकन समितीकडे जायचे. 2019 च्या दुरुस्तीने चौथ्या अनुसूचीत व्यक्तींचीही नावे घालता येऊ लागली आणि त्याच सप्टेंबरमध्ये मसूद अजहर, हाफिज सईद, झकी उर रहमान लखवी व दाऊद इब्राहिम ही पहिली चार नावे आली.

अधिसूचनेची तारीख आणि आरोपातील सदस्यत्वाचा काळ शेजारी ठेवून वाचावा. अरुप भुयान प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या 24 मार्च 2023 च्या निर्णयानंतर बंदी घातलेल्या संघटनेचे नुसते सदस्यत्वही गुन्हा ठरते, त्यामुळे बंदीच्या आधी सोडले की नंतर, हा प्रश्न आता पूर्वीपेक्षा अधिक महत्त्वाचा झाला आहे.

दिवस मोजणे

अटकेच्या कागदांत आधी अटकेची लेखी कारणे दिली आहेत का ते पाहावे. ‘न्यूजक्लिक’चे संपादक प्रबीर पुरकायस्थ यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 15 मे 2024 रोजी यूएपीएखालीही ती लेखी देणे बंधनकारक ठरवले आणि ती न दिल्यामुळे अटक बेकायदेशीर मानली. मग कॅलेंडर घ्यावे. पोलीस कोठडी तीस दिवसांपर्यंत मिळू शकते आणि दोषारोपपत्रासाठी नव्वद दिवस असतात. तपासाची प्रगती आणि आरोपीला आत ठेवण्याची विशिष्ट कारणे सांगणारा सरकारी वकिलाचा अहवाल न्यायालयाला पटला, तर ही मुदत 180 दिवसांपर्यंत वाढते. मोजणी पहिल्या कोठडीच्या आदेशापासून करायची आणि तो दिवसही धरायचा. मुदत उलटूनही दोषारोपपत्र नसेल तर डिफॉल्ट जामिनाचा हक्क निर्माण होतो. पण अर्ज करण्याआधी दोषारोपपत्र दाखल झाले तर तो हातातून जातो. मुदतवाढ कोणत्या न्यायालयाने दिली हेही तपासावे. भीमा कोरेगाव प्रकरणातील आरोपी, वकील सुधा भारद्वाज यांना डिसेंबर 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिला तो पुराव्यांच्या चर्चेवर नव्हे, तर पुण्यातील ज्या न्यायाधीशांनी मुदत वाढवली त्यांना तो अधिकारच नव्हता या मुद्द्यावर.

जामिनाचा आदेश

येथे घाई करू नये. कलम 43ड च्या उपकलम (5) नुसार केस डायरी (पोलिसांची तपासाची रोजनोंद) किंवा दोषारोपपत्र पाहून आरोप प्रथमदर्शनी खरा मानण्यास वाजवी कारणे आहेत असे न्यायालयाला वाटले, तर जामीन देता येत नाही. वटाली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2019 मध्ये सांगितले की या टप्प्यावर पुराव्याची चिकित्सा करायची नाही, सर्व सामग्री एकत्र घेऊन ढोबळ शक्यता पाहायची. परिणाम असा की जो कागद पुढे उलटतपासणीत टिकणारही नाही, तो जामिनाच्या वेळी पुरेसा ठरू शकतो. 2021 च्या नजीब प्रकरणात याला मर्यादा आली: खटला वाजवी वेळेत संपण्याची शक्यता नसेल आणि आरोपीने संभाव्य शिक्षेच्या मोठ्या भागाइतका काळ आधीच कोठडीत काढला असेल, तर घटनात्मक न्यायालये हा अडसर असतानाही जामीन देऊ शकतात. भीमा कोरेगाव प्रकरणातीलच आरोपी व्हर्नन गोन्साल्विस यांच्या जामिनात 28 जुलै 2023 रोजी न्यायालय आणखी थोडे पुढे गेले आणि पुराव्याला किती वजन आहे याची वरवरची तपासणी तरी केलीच पाहिजे असे म्हणाले. फेब्रुवारी 2024 मध्ये गुरविंदर सिंग प्रकरणात मात्र पुन्हा जामीन नाकारला गेला.

म्हणून जामिनाचा आदेश वाचताना न्यायालयाने वटालीची वाट धरली की नजीबची, हे आधी शोधावे. जामीन नाकारणे म्हणजे दोष सिद्ध होणे नव्हे, हे प्रत्येक बातमीत लिहावे लागते याचा कंटाळा येतो. तरीही ते लिहावे. त्याच प्रकरणातील फादर स्टॅन स्वामी ऑक्टोबर 2020 मध्ये अटकेत गेले आणि 5 जुलै 2021 रोजी मुंबईत रुग्णालयात वारले, तोवर खटला सुरूच झाला नव्हता.

जामीन मिळाला तर अटींचा परिच्छेद पूर्ण उतरवून घ्यावा, कारण निर्बंधांचे दुसरे पर्व तेथे सुरू होते. गोन्साल्विस आणि त्यांचे सहआरोपी अरुण फरेरा यांना महाराष्ट्र न सोडणे, पारपत्र जमा करणे, एकच मोबाईल वापरणे आणि त्याचे लोकेशन चोवीस तास तपास अधिकाऱ्याला दिसेल असे चालू ठेवणे अशा अटी होत्या. पुढे 8 जुलै 2024 रोजी फ्रँक व्हायटस या अमली पदार्थांच्या प्रकरणात, आरोपीच्या हालचालींवर सतत नजर ठेवू देणारी अट घालता येणार नाही असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. जुन्या आदेशात अशी अट असेल तर ती बदलून मागण्यास येथे आधार आहे.

मंजुरी आणि मालमत्ता

दोषारोपपत्राच्या जोडपत्रांत मंजुरीचा आदेश असतो आणि तो सहसा कोणी वाचत नाही. कलम 45 नुसार सरकारच्या मंजुरीशिवाय न्यायालय खटल्याची दखल घेऊ शकत नाही. त्याआधी स्वतंत्र प्राधिकरणाने पुरावा तपासून कामकाजाच्या सात दिवसांत शिफारस करायची आणि सरकारने पुढील कामकाजाच्या सात दिवसांत निर्णय द्यायचा. फुलेश्वर गोपे प्रकरणात सप्टेंबर 2024 मध्ये या मुदती बंधनकारक ठरल्या. प्रा. जी. एन. साईबाबा यांना माओवाद्यांशी संबंधांच्या आरोपावरून गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने मार्च 2017 मध्ये दोषी ठरवले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 14 ऑक्टोबर 2022 रोजी त्यांना सोडले, कारण त्यांच्याबाबतची मंजुरी न्यायालयाने दखल घेतल्यानंतर आली होती. दुसऱ्याच दिवशी, शनिवारी विशेष बैठक घेऊन सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय स्थगित केला आणि नंतर प्रकरण परत पाठवले. 5 मार्च 2024 रोजी खंडपीठाने त्यांना पुन्हा निर्दोष सोडले, या वेळी पुराव्यांचाही विचार करून. तेव्हा तांत्रिक त्रुटी म्हणून हा कागद बाजूला ठेवू नये. तारखांचा तक्ता करताना दखल आणि मंजुरी या दोन नोंदी एकाखाली एक लिहाव्यात.

मालमत्ता जप्त झाली असेल तर कलम 25 पाहावे. तपास अधिकाऱ्याला पोलीस महासंचालकांची, एनआयएच्या (राष्ट्रीय तपास संस्थेच्या) तपासात तिच्या महासंचालकांची, पूर्वपरवानगी लागते. जप्तीची माहिती 48 तासांत नियुक्त प्राधिकाऱ्याला द्यायची, त्याने साठ दिवसांत ती कायम किंवा रद्द करायची, आणि त्याविरुद्ध तीस दिवसांत न्यायालयात अपील करता येते. घर किंवा खाते आरोपीच्या कुटुंबीयांच्या नावावर असेल तर ही मुदत चुकवणे महागात पडते.

निकालानंतर

विशेष न्यायालयाच्या निकालाविरुद्ध एनआयए कायद्याच्या कलम 21 नुसार उच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांच्या खंडपीठाकडे तीस दिवसांत अपील करायचे असते. वरच्या न्यायालयाने ‘स्थगिती’ दिली अशी बातमी आली तर स्थगिती नेमकी कशाला हे मूळ आदेशात पाहावे. 11 जुलै 2006 च्या लोकल बॉम्बस्फोटांच्या मकोका खटल्यात 2015 मध्ये बारा जण दोषी ठरले होते. मुंबई उच्च न्यायालयाने 21 जुलै 2025 रोजी कबुलीजबाब नाकारून सर्वांना निर्दोष ठरवले. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने दिलेली स्थगिती इतकीच होती की तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरता येणार नाही. तुरुंगातून सुटलेल्यांना परत आत जाण्याचा आदेश त्यात नव्हता.