गाडीचे ब्रेक घरच्या दारात बदलून घेताना काय पाहावे, काय विचारावे

कोल्हापुरात आता फोन केला की मेकॅनिक हत्यारांची पेटी घेऊन दारात येतो आणि तास-दीड तासात पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड बदलून देतो. यात वेळ वाचतो हे खरे, पण मला या सोयीचा त्याहून मोठा लाभ वाटतो तो हा की काम मालकाच्या डोळ्यांदेखत होते. गॅरेजमध्ये गाडी सोडून आल्यावर जुना पॅड किती झिजला होता, पिना साफ केल्या की नाही, ब्रेक ऑईल कोणत्या डब्यातले होते, हे कळायला फारसा मार्ग नसतो. दारात ते सगळे दिसते. मात्र काय पाहायचे हे आधी ठाऊक असले पाहिजे.

दुखणे आधी ओळखावे

मेकॅनिकला फोन करण्यापूर्वी गाडी नेमके काय करते आहे ते लक्षपूर्वक पाहावे. ब्रेक दाबताना बारीक, कर्कश शीळ येत असेल तर बहुतेक वेळा पॅडवरची सूचक पत्री डिस्कला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी थाळीला, घासत असते आणि पॅड संपत आल्याचा तो इशारा असतो. तोच आवाज पुढे लोखंडावर लोखंड घासल्यासारखा घरघरीत झाला तर पॅडचे मटेरियल संपून मागची लोखंडी पाटी डिस्कला खात आहे असे समजावे. अशी गाडी चालवूच नये, कारण एरवी नुसत्या पॅडवर भागणारे काम मग डिस्कवर जाते. ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरत असेल तर डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते, आणि गाडी एका बाजूला ओढत असेल तर त्या चाकाचा किंवा विरुद्ध बाजूच्या चाकाचा कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारी पकड) अडकत असतो.

पेडल मऊ लागणे किंवा दाबल्यावर हळूहळू खाली जात राहणे हे मात्र वेगळे प्रकरण आहे. तिथे हवा शिरलेली असते, ऑईल गळत असते किंवा मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ऑईलला देणारा पंप) थकलेला असतो, आणि नुसते पॅड बदलून ते दुखणे जात नाही. फोनवर हे स्पष्ट सांगावे, म्हणजे मेकॅनिक त्या तयारीने येईल किंवा गाडी टोचन करून गॅरेजमध्येच न्यावी लागेल असे प्रामाणिकपणे सांगेल. पावसाळ्यात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर सकाळी तांबूस गंज दिसतो, त्याची काळजी करण्याचे कारण नाही. दोन-चार वेळा ब्रेक मारला की तो निघून जातो.

फोनवर काय ठरवावे

गाडीचे मॉडेल, निर्मितीचे वर्ष, किती किलोमीटर चालली आहे आणि काम पुढच्या चाकांचे की मागच्या, एवढे सांगावे. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात. पुढे पॅड बदलतात, मागे ड्रमला आतून घासणारे शू, ज्यांना गॅरेजमध्ये सर्रास लायनर म्हणतात. एकाच मॉडेलमध्येही वर्षानुसार पॅडचा आकार बदललेला असू शकतो, म्हणून आरसी बुकावरचा चासी नंबर देऊन पार्ट मागवणे सर्वांत सुरक्षित. मेकॅनिकनेच पार्ट आणायचे ठरले तर कंपनी कोणती हे विचारावे, मजुरी आणि पार्टची रक्कम वेगवेगळी सांगायला लावावी, आणि खोका सीलबंद आपल्यासमोर उघडायचा हे आधीच बोलून ठेवावे. शिवाजी उद्यमनगर परिसरात स्पेअर पार्टची दुकाने भरपूर आहेत. स्वतः जाऊन पक्क्या बिलावर पार्ट आणले तरी कोणताही चांगला मेकॅनिक नाराज होत नाही. पॅड असो वा शू, एका बाजूचे एकटे कधीही बदलू नयेत. पुढची दोन्ही चाके एकाच वेळी, मागची दोन्ही एकाच वेळी; नाहीतर ब्रेक मारताना गाडी एका अंगाला ओढते.

गाडी वॉरंटीत असेल तर अटी आधी वाचाव्यात. मागे इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक असेल तर कॅलिपर मागे घेण्यासाठी स्कॅनर (गाडीच्या संगणकाला जोडायचे यंत्र) लागतो. तो सोबत आणणार का, हे विचारल्याशिवाय मागच्या कामाला होकार देऊ नये.

जागा

काम कोणत्या जागेवर होते यावर सुरक्षितता अवलंबून असते, आणि घरच्या कामात सर्वांत जास्त तडजोड नेमकी इथेच होते. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ यांसारख्या जुन्या भागांतल्या बोळांना गटारीकडे उतार असतो, त्यातून दुचाक्यांची सतत ये-जा. अशा बोळात चाक काढू नये. गाडी ओळखीच्यांच्या मोकळ्या, सपाट, पक्क्या अंगणात न्यावी. अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक असतील तर जॅकखाली जाड फळी घालावी, कारण भाराने ब्लॉक खचतो. जोरदार पावसात उघड्यावर काम करू देऊ नये. पाणी ब्रेक ऑईलमध्ये गेले तर तो दोष काही महिन्यांनी, एखाद्या घाटात, डोके वर काढतो.

पुढची चाके काढायची तर हँडब्रेक ओढावा, गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे किंवा मोठे दगड लावावेत. मागचे ड्रम काढायचे असतील तेव्हा हँडब्रेक सोडावा लागतो, कारण त्याची केबल शूच ताणून धरते. म्हणून त्या वेळी पुढच्या चाकांना ठोकळे लावणे अत्यावश्यक असते. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करायचे, मग जॅक लावायचा, आणि गाडी उचलल्यावर जॅक स्टँडवर (खाली ठेवायच्या भक्कम लोखंडी आधारावर) टेकवायची. नुसत्या जॅकवर गाडी तोलून काम सुरू झाले तर तिथेच थांबवावे. काढलेले चाक गाडीच्या कडेखाली आडवे सरकवून ठेवणारा मेकॅनिक जाणकार समजावा. लहान मुलांना आसपास फिरकू देऊ नये.

पुढचे पॅड बदलताना

चाक निघाले की मेकॅनिक कॅलिपरचा खालचा बोल्ट काढून कॅलिपर वर उचलतो, किंवा दोन्ही बोल्ट काढून तो बाजूला घेतो. बाजूला घेतलेला कॅलिपर ब्रेकच्या रबरी पाइपवर लोंबकळत ठेवू नये. तारेने स्प्रिंगला बांधावा. ताण बसलेला पाइप बाहेरून धडधाकट दिसतो आणि आतून फाटतो.

आता जुने पॅड हातात घेऊन पाहावेत. नव्या पॅडवर साधारण १० ते १२ मिलिमीटर मटेरियल असते आणि ३ मिलिमीटरच्या आसपास आले की बदलण्याची वेळ झालेली असते. पण जाडीपेक्षा आतला आणि बाहेरचा पॅड यांच्यातला फरक अधिक बोलका असतो. बाहेरचा निम्मा शिल्लक आणि आतला पाटीपर्यंत संपलेला, असे दिसले तर कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या अडकलेल्या आहेत. पावसाळ्यातला चिखल आणि त्यानंतरची धूळ पिनांच्या रबरी टोप्यांत शिरते, आतले ग्रीस वाळून काळ्या पपडीसारखे होते आणि कॅलिपर एका जागी धरून बसतो. इथे निःसंकोच म्हणावे, “दादा, पिना बाहेर काढून दाखवा.” “दाखवतो की, साहेब,” असे म्हणून जो पिन ओढून काढतो, पुसतो, ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीस लावून बोटाने सहज सरकते हे दाखवतो, त्याच्या हातात गाडी निर्धास्त द्यावी. साधे ग्रीस चालत नाही. त्याने रबर फुगते. पिनांना हात न लावता नुसते पॅड बदलले तर नवे पॅडही तसेच एका बाजूने झिजतील. दारात उभे राहून एकच गोष्ट पाहायची म्हटले तर मी हीच पाहीन.

डिस्कच्या कडेला किंवा मधल्या भागावर किमान जाडीचा आकडा बहुधा कोरलेला असतो. मेकॅनिकला मोजायला सांगावे. जाडी त्याखाली गेली असेल तर डिस्क बदलावी. खोल चरे असतील पण जाडी पुरेशी असेल तर लेथवर फेस करून (घासून सपाट करून) घेता येते, मात्र ते काम दारात होत नाही. नवी डिस्क बसवताना तिच्यावरचे गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पूर्ण पुसावे लागते. साचलेली काळी पूड हवेच्या झोताने उडवू देऊ नये, कारण ती श्वासात जाते. क्लीनरने ओली करून पुसून घ्यावी.

नवे पॅड जाड असतात, म्हणून कॅलिपरमधला पिस्टन आत दाबावा लागतो. तसे करताना बॉनेटखालच्या ब्रेक ऑईलच्या टाकीतील पातळी चढते. पॅड झिजत जातात तशी ही पातळी आपोआप उतरत असते, आणि मधल्या काळात कोणी पातळी कमी दिसली म्हणून भर घातली असेल तर आता ऑईल बाहेर सांडते. ब्रेक ऑईल रंग खाते. म्हणून टाकीचे झाकण आधी उघडून पातळी पाहावी, जास्तीचे ऑईल काढून घ्यावे, आणि पत्र्यावर थेंब पडलाच तर लगेच पाण्याने धुवावे. चाकाजवळून जाणारी बारीक वायर एबीएसच्या (जोरात ब्रेक मारताना चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरची असते. एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस बंधनकारक आहे, त्यामुळे अलीकडच्या सर्वच गाड्यांत ती सापडेल. तिला ओढ बसू नये.

मागचे ड्रम

हे काम अधिक किचकट असते. गंजाने अडकलेला ड्रम हातोड्याने ठोकण्याआधी त्यावर आटे असलेली दोन भोके आहेत का पाहावे. असल्यास त्यांत बोल्ट आवळत गेले की ड्रम अलगद सुटतो. आत स्प्रिंगांची गुंतागुंत असल्याने एका वेळी एकच बाजू उघडावी, म्हणजे दुसरी बाजू नमुना म्हणून शाबूत राहते. चाकाच्या छोट्या सिलिंडरची रबरी टोपी किंचित उचलून आत ओल दिसते का ते पाहायला सांगावे. दिसली तर नवे शू बसवून उपयोग नाही, ऑईलने ते भिजतील. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ज्यांच्या गाड्या पाण्यात होत्या त्यांनी, किंवा पुढे कधी तशी वेळ आली तर, ब्रेक चांगले लागत असले तरी ड्रम उघडून घ्यावेत, कारण पंचगंगेचा बारीक गाळ आत साचून राहतो.

ब्रेक ऑईल

ब्रेक ऑईल हवेतली ओल शोषून घेते. ‘डॉट ३’ दर्जाच्या कोरड्या ऑईलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, तर ओल शोषल्यावर तो १४० पर्यंत उतरू शकतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ असे आहेत. गगनबावड्याहून करूळ घाटाने कोकणात उतरताना सतत ब्रेकवर पाय राहिला की ऑईल तापते, ओले ऑईल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल एकाएकी पोकळ जाते. म्हणून कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे, साधारण दर दोन वर्षांनी, ते बदलावे. पॅडच्या कामाबरोबर बदलून घेणे सोयीचे पडते. डबा सीलबंद असावा, गाडीतल्या टाकीच्या झाकणावर लिहिलेलाच दर्जा वापरावा, आणि सिलिकॉनचे डॉट ५ यात कधीही मिसळू नये.

पहिले पेडल, पहिला प्रवास

चाके बसवून गाडी खाली घेतल्यावर नट चांदणीच्या क्रमाने (एकानंतर त्याच्या समोरचा), टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने), पुस्तिकेतल्या आकड्यावर आवळावेत. यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. पिस्टन मागे ढकललेले असल्याने पहिल्यांदा पेडल थेट तळाला जाते. गाडी जागची हलण्याआधी ते पुन्हा पुन्हा दाबून घट्ट व्हायलाच हवे. मग इंजिन चालू करून पुन्हा दाबावे आणि दाबून धरल्यावर ते खाली सरकत नाही याची खात्री करावी. हे मालकाने स्वतःच्या पायाने करावे. त्यानंतर टाकीतली पातळी पाहावी, डॅशबोर्डवर ब्रेकचा किंवा एबीएसचा दिवा पेटलेला नाही हे पाहावे, आणि मेकॅनिकला शेजारी बसवून गल्लीतच चालण्याच्या वेगाने एक फेरी मारावी. पैसे या फेरीनंतर द्यावेत. जुने पॅड, रिकामे खोके आणि बिल आपल्याकडे ठेवावे, बिलावर त्या दिवसाचे किलोमीटर लिहून घ्यावेत.

नवे पॅड डिस्कवर बसायला थोडा अवधी लागतो. फुलेवाडी रिंगरोडसारख्या रस्त्यावर, गर्दी नसताना, ताशी ५०-६० च्या वेगावरून २० पर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा वेग उतरवावा, प्रत्येक वेळी मध्ये थोडे चालवून डिस्क निवू द्यावी आणि तापलेल्या डिस्कवर ब्रेक दाबून गाडी उभी ठेवू नये. पहिले दोन-तीनशे किलोमीटर गरज नसताना करकचून ब्रेक मारू नये आणि घाटही टाळावा. उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्या ओढणारा, मागे दिवा नसलेला ट्रॅक्टर अंधारात अचानक समोर येतो, म्हणून या काळात रात्री गाडी नेहमीपेक्षा अधिक अंतर राखून चालवावी. साधारण शंभर किलोमीटर झाल्यावर चाकांचे नट पुन्हा एकदा तपासून घ्यावेत आणि ऑईलची पातळी पाहावी. ती उतरलेली दिसली तर भर न घालता त्याच मेकॅनिकला बोलावून गळती कुठे आहे ते आधी शोधून घ्यावे.